संत गालच्या मठातील अठरा वाफे

शाळेतील परसबागेची आखणी मुलांकडून गणिताच्या तासाला करून घ्यावी, ही कल्पना आपण आधुनिक शिक्षणशास्त्राच्या खाती जमा करतो. परंतु मळा आधी कागदावर मोजून मांडण्याची शिस्त ख्रिस्ती मठांत फार जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील संत गालच्या मठासाठी इ. स. ८२० ते ८३०च्या सुमारास तयार झालेला आराखडा पाहावा. रायखेनाऊच्या मठात तो रेखाटून मठाधिपती गोझबर्ट यांना धाडण्यात आला. त्यात भाजीचा मळा आहे: नऊ-नऊ वाफ्यांच्या दोन ओळी आणि प्रत्येक वाफ्यावर पिकाचे नाव. कांदा, लसूण, मुळा, कोबी, कोथिंबीर. शेजारीच माळ्याचे घर.

पाणी, गिरणी व बाग आवारातच असावी, म्हणजे मठवासीयांना बाहेर हिंडावे लागणार नाही, असे संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचे ६६वे प्रकरण सांगते. तेव्हा वाफ्यांचा हिशेब चुकला, तर केवळ जेवणच नव्हे, व्रतही अडचणीत येणार! वाफे लांबट व अरुंद आहेत. दोन्ही बाजूंनी हात पोचावा, रोप तुडवले जाऊ नये, हाच त्यामागील हिशेब असावा. चर्चची मापे आराखड्यावर फुटांत लिहिली आहेत, मळ्याची नाहीत. हॉर्न आणि बॉर्न या अभ्यासकांनी १९७९ साली संपूर्ण आराखडा ४० फुटांच्या चौकटींवर बेतल्याचे मांडले. ते सर्वांना मान्य नाही.

आराखड्यात शाळाही आहे, पण चर्चच्या उत्तरेस, मळ्यापासून दूर. विद्यार्थी तेथे खुरपणी करीत, असे म्हणण्यास आधार नाही. पुढे बाराव्या शतकात कोणा मठवासीयाने त्याच चर्मपत्राच्या पाठीवर संत मार्टिन यांचे चरित्र लिहिले व घडी घालून ते ग्रंथालयात ठेवले. त्या चरित्रामुळेच हे अठरा वाफे वाचले.