शिसे (घरातील)

शिसे हा जड धातू शरीराच्या कोणत्याच कामाचा नाही, आणि त्याची निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. भारतात पेट्रोलमधून ते २००० साली हद्दपार झाले. घरात मात्र ते अजून येते, आणि बहुधा रंगाच्या व चकाकीच्या वाटेने येते.

धोका सर्वांत जास्त रांगत्या मुलांना. प्रौढाच्या आतड्यात गिळलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलात तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी. शिसे कॅल्शियमच्या जागी हाडांत जाऊन बसते, दशकानुदशके राहते आणि गरोदरपणात हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचते. मुलाची बुद्धी व एकाग्रता कायमची मंदावते, पण बाहेरून दिसण्यासारखे लक्षण बहुधा काहीच नसते.

घरातला मोठा साठा जुन्या तैलरंगात असतो. घरगुती रंगांतील शिशाला दर दहा लाख भागांत ९० ही मर्यादा २०१६च्या नियमांनी घातली व ती नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचे थर चाळींच्या आणि वाड्यांच्या दारे-खिडक्यांवर, कठड्यांवर तसेच आहेत. ते शाबूत असेपर्यंत फारसा त्रास देत नाहीत. दिवाळीपूर्वी रंगारी कोरडा पॉलिशपेपर मारतो तेव्हा त्यांची भुकटी घरभर होते. म्हणून पृष्ठभाग ओला करून घासावा, त्या दिवसांत मुले व गरोदर स्त्रिया दुसरीकडे असाव्यात, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

स्वयंपाकघरात कल्हईकडे लक्ष हवे. खरी कल्हई कथलाची. पण कथील महाग आणि शिसे स्वस्त, त्यामुळे भेसळ होते व चिंच-आमसुलाच्या आंबट पदार्थात शिसे उतरते. भंगारातून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कढयांतही ते आढळले आहे. हळदीला झगझगीत पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट लावले जाते. अख्खी हळकुंडे आणून घरी दळली की प्रश्न मिटला, असे समजू नये, कारण ही भेसळ हळकुंडाला पॉलिश करतानाच होते. बांगलादेशाने व्यापाऱ्यांवर कारवाई आणि जनजागृती एकदम केली. तेथील बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांत शिसे सापडण्याचे प्रमाण २०१९मधील ४७ टक्क्यांवरून २०२१पर्यंत शून्यावर आले. प्रत्येक गृहिणीला सावध करत बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी परिणामकारक ठरला.

देवघरातील शेंदूर रासायनिकदृष्ट्या शिशाचे ऑक्साइडच आहे. गवयाचा आवाज जावा म्हणून त्याला शेंदूर चारल्याच्या कथा संगीताच्या वर्तुळात सांगितल्या जातात; त्या खऱ्या असोत वा नसोत, हा पदार्थ पोटात जाऊ नये हे जुन्या लोकांना ठाऊक होते. मारुतीला शेंदूर लावल्यावर हात धुवावेत, तो तीर्थ-प्रसादाजवळ ठेवू नये. हळदीपासून केलेले कुंकू वेगळे, पण बाजारातल्या शेंदरी-लाल पुडीत काय आहे हे नजरेला कळत नाही. काजळाबाबतही असाच फरक करावा लागतो : दिव्याच्या काजळीत तूप घालून केलेल्या घरच्या काजळात शिसे येण्याचे कारण नसते, गॅलेना या खनिजाचा सुरमा मात्र शिशाचे सल्फाइडच असतो.

पाण्याच्या बाबतीत जुने पीव्हीसी पाइप, पितळी तोट्या आणि डाखाचे सांधे संशयास्पद. रात्रभर नळात साचलेले पाणी आधी सोडून द्यावे, पिण्या-स्वयंपाकाला थंड पाणीच घ्यावे. उकळल्याने शिसे जात नाही. पाणी आटते, शिसे तेवढेच राहते.

निदान शिरेतील रक्त तपासून होते. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्रांनी २०२१पासून मुलांसाठी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी धरली आहे. शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे मुलांना साधारण ४५च्या पुढे दिली जातात. त्याखाली मुख्य उपचार म्हणजे घरातला स्रोत शोधून तो काढणे आणि आहारातील लोह-कॅल्शियम भरून काढणे.