बी आणि कुंडी : वामनवृक्षाच्या इतिहासाविषयी काही

मराठी समीक्षेत 'बोन्साय' हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच येतो. कादंबरीचा आवाका तोकडा वाटला, कवितेने झेप घेतली नाही, एखादी वाङ्मयीन चळवळ लवकर थांबली, की आपण तिला बोन्साय म्हणून मोकळे होतो. आम्हीही हा शब्द असाच वापरत आलो. हिंगोलीत घराच्या गच्चीवर चिंचेचे बी रुजवून वामनवृक्ष करण्याचा नवशिका खटाटोप सुरू केला, तेव्हा या उपमेचा पाया कच्चा आहे असे लक्षात आले. त्याविषयी थोडे लिहावे असे वाटते.

या कलेचा उगम चीनमधला. तांग राजपुत्र ली शिआन याच्या इसवी सन 706 च्या थडग्यातील भित्तिचित्रांत सेवकांच्या हातांतील तबकांमध्ये दगड आणि लहान रोपे दिसतात. जपानमध्ये 1309 च्या 'कासुगा गोंगेन गेन्की' या चित्रपटात तबकातली झाडे आढळतात. 1923 च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या काही व्यावसायिकांनी ओमिया येथे जमीन घेतली आणि 1925 पासून तिथे बोन्सायचे गावच वसले. पुढे हा जपानी शब्द जगभर गेला. मराठीने तो घेतला, आणि 'वामनवृक्ष' असा आपला शब्दही त्याच्या शेजारी ठेवला.

जपानी परंपरेत झाड मिळवण्याच्या दोन वाटांना वेगवेगळी नावे आहेत. डोंगरकपारीत वाऱ्याने, थंडीने आधीच खुरटलेले झाड उकरून आणणे म्हणजे 'यामादोरी'. बियापासून वाढवणे म्हणजे 'मिशो'. पहिल्या वाटेत निसर्गाने केलेले काम माणूस पुढे नेतो. दुसरीत पहिल्या दिवसापासूनची जबाबदारी माणसाची, आणि झाड भरात आलेले पाहायला लावणारा उरेलच याची शाश्वती नाही. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबातील एक पाइन 1625 पासून कुंडीत वाढत आले आहे. 6 ऑगस्ट 1945 च्या अणुस्फोटातूनही ते वाचले आणि 1976 मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले. झाड एक, हात मात्र अनेक पिढ्यांचे.

आता मुख्य मुद्दा. बाजारात 'बोन्सायचे बी' म्हणून पाकिटे मिळतात. वस्तुतः असे वेगळे बी नसते. वामनवृक्षाचे बी शेताच्या बांधावर पडले, तर त्याचा पूर्ण उंचीचाच वृक्ष होईल. खुजेपणा बियात नसतो. तो उथळ कुंडीत, छाटलेल्या मुळांत आणि खुडलेल्या शेंड्यांत असतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला वडाचे फळ फोडायला लावतो, मग त्यातले बी फोडायला लावतो, आणि श्वेतकेतूला आत काहीच दिसत नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच महावृक्ष उभा आहे, हे त्याला सांगायचे असते. प्रत्येक वामनवृक्षाच्या बियातही तेच न दिसणारे पुरते शाबूत असते.

आमच्या पहिल्या प्रयत्नाची कथा फार गौरवाची नाही. चिंचोके रात्रभर भिजवले, शेतातली काळी माती कुंडीत भरली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. आठवड्याभराने मोड वर आले, आणि पुढच्या पंधरवड्यात रोपे जमिनीलगत कुजून एकेक करून आडवी झाली. ज्या मातीवर या जिल्ह्यातले सोयाबीन, कापूस आणि वसमतची हळद पोसली जाते, तीच कुंडीत चिखल धरून बसते आणि सुकली की भेगाळते. दुसऱ्या खेपेला विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडे शेणखत घेतले, माती नावापुरती. पाणी हाताने चाचपून, वरचा थर सुकल्यावरच. रोपे जगली. दुसरी चूक उथळ तबकाची घाई. बुंधा जाड व्हायचा तर रोपाला आधी काही वर्षे जमिनीत किंवा खोल कुंडीत मोकळे वाढू द्यावे लागते. आधी वाढ, मग आकार. बी तेच होते. पहिली रोपे गेली ती आमच्या कुंडीमुळे.

इथे आम्हाला वर्गातली मुले आठवतात. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचा या भागाचा इतिहास निजामाच्या राज्याचा. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला 1958 साल उजाडावे लागले. 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालाने 'अनुशेष' हा शब्द रूढ केला. तरीही इथल्या विद्यार्थ्याचे लेखन तोकडे वाटले, की आपण पटकन त्याच्या कुवतीविषयी बोलतो. शब्द बियाविषयीचा, पुरावा मात्र कुंडीचा.

उपमा इथेच सोडली तर तीही अर्धवट राहील, कारण प्रत्येक कुंडी लादलेली नसते. याच जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांनी हाताळलेला मोठा अभंग किती अरुंद : सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चारच अक्षरांचा. एवढ्याशा जागेत त्यांनी जे उभे केले, त्याला खुजे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्यांचा आवाज पुढे पंजाबपर्यंत गेला, आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांच्या नावाची 61 पदे आहेत. जाणतेपणाने स्वीकारलेली मर्यादा आणि परिस्थितीने घातलेली मर्यादा बाहेरून सारखीच दिसते. फरक कळतो तो कुंडी कोणी निवडली हे विचारल्यावर.

म्हणून एखाद्या लेखनाला बोन्साय म्हणण्यापूर्वी आम्ही आता हे दोन प्रश्न स्वतःला विचारतो : कुंडी कोणाची, आणि मुळे कोणी छाटली? गच्चीवरची चिंच अजून वीतभरच आहे. तिची पाने सांजेला मिटतात, सकाळी उघडतात, अगदी बांधावरच्या मोठ्या चिंचेसारखी.