शाळांचें माप

धान्य मोजण्याचा शेर वा पायली ही आपल्या देशांत फार काळपर्यंत सर्वत्र सारखी नव्हती. एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशीं जुळेलच असा भरंवसा नसे; म्हणून दोन गांवच्या भावांची तुलना करावयाची झाल्यास आधीं दोन्हीकडच्या मापांचा मेळ घालावा लागे. 1956 सालीं कायदा होऊन दशमान वजनेंमापें आलीं आणि बाजारांतील हा घोळ हळूहळू मिटला. विद्येच्या पेठेंत मात्र तो पुष्कळसा तसाच राहिला. शाळा किती, शिक्षक किती, खर्च किती, हें मोजतां येतें. परंतु मूल खरोखर शिकलें किती, हें कोणत्या पायलीनें मोजावें? आणि शिर्डीच्या शाळेची पायली पुण्याच्या, किंबहुना बर्लिनच्या शाळेस लावतां येईल काय?

मुंबई इलाख्यांत याचा पहिला मोठा प्रयोग झाला तो मॅट्रिकच्या परीक्षेनें. 1854 च्या वुडच्या खलित्यास अनुसरून 1857 सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. त्याचा नमुना लंडन विद्यापीठाचा. 1859 सालीं पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तिला 132 विद्यार्थी बसले व 22 उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या यशस्वी विद्यार्थ्यांपैकींच होत. एकाचें आरंभीचें शिक्षण कोल्हापुरास, दुसऱ्याचें रत्नागिरीस. परंतु दोघांसहि कसोटी एकच. त्यापूर्वीं विद्यार्थ्याची योग्यता त्याच्या पंतोजींच्या शब्दावर ठरे. आतां परक्या परीक्षकापुढें ती सिद्ध करावी लागे. कोणाचा मुलगा, कोणत्या गांवचा, हें न विचारणारी कसोटी हा त्या काळीं लहान लाभ नव्हता. मात्र या लाभाबरोबर एक दोषहि शिरला. जें परीक्षेंत नाहीं तें वर्गांत नकोसें होऊं लागलें, आणि शाळेची किंमत तिच्या निकालाच्या आंकड्यावर ठरूं लागली.

याहून कठोर प्रयोग अनुदानाच्या बाबतींत झाला. इंग्लंडांत रॉबर्ट लो याच्या पुढाकारानें 1862 सालीं असा नियम आला कीं, वाचन, लेखन व गणित या विषयांत तपासनीसापुढें जितकीं मुलें उतरतील त्या मानानें शाळेस पैसा मिळावा. निकालावर मोबदला देण्याची ही पद्धत मुंबई इलाख्यांतहि खासगी शाळांना लागू झाली. वरवर पाहतां ती न्यायाची वाटे: काम तसा दाम. परंतु स्वतः शाळातपासनीस असलेला इंग्रज कवि मॅथ्यू आर्नोल्ड यानेंच तिच्यावर टीका केली कीं, हिच्यामुळें शिक्षण यांत्रिक बनतें. शिक्षकाचें लक्ष मुलाच्या बुद्धीवरून उडून तपासनीसाच्या वहीवर खिळतें.

आपल्याकडे या पद्धतीच्या मर्मावर बोट ठेवलें तें जोतीराव फुले यांनीं. 1882 सालीं हंटर कमिशनपुढें सादर केलेल्या निवेदनांत त्यांनीं सांगितलें कीं, ज्या गरीब लोकांत अद्याप विद्येची गोडी उत्पन्न झालेली नाहीं त्यांच्यासाठीं निकालावरचें अनुदान मुळींच उपयोगाचें नाहीं. कारण अशा वस्तींत त्या उत्पन्नावर शिक्षकाचा चरितार्थच चालणार नाहीं, मग तेथें जाईल कोण? हा आक्षेप साधा दिसला तरी खोल आहे. ब्राह्मणवाड्यांतील मुलगा घरूनच अक्षरओळख घेऊन येतो. कुणब्याचा मुलगा गुरें सोडून येतो. दोघांस एकच माप लावून त्यावर पैसा वांटला, तर ज्या शाळेस मदतीची गरज सर्वांत अधिक तिलाच ती सर्वांत कमी मिळते. फुल्यांनीं त्याच निवेदनांत खेड्यांतील शाळांसाठीं मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान असा व्यवहारोपयोगी अभ्यासक्रमहि सुचविला. त्यांचा विरोध मापास नव्हता. मापाच्या दुरुपयोगास होता. पुढें इंग्लंडांत ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडीत निघाली आणि हिंदुस्थान सरकारनेंहि 1904 च्या शिक्षणविषयक ठरावांत परीक्षांच्या अतिरेकास दोष दिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हाच प्रश्न जगाच्या पटावर आला. 1964 सालीं बारा देशांनीं मिळून गणिताची एक समान चांचणी घेतली. 1970 च्या सुमारास विज्ञानाची चांचणी एकोणीस देशांत झाली. तींत भारताचाहि समावेश होता, व भारताचे गुण खालच्या टोकास होते. 2000 सालापासून आर्थिक सहकार्य संघटनेची ‘पिसा’ ही चांचणी सुरू झाली. पंधरा वर्षें वयाचीं, नमुन्यानें निवडलेलीं मुलें तिला बसतात. प्रश्नांचीं स्वतंत्रपणें दोन भाषांतरें करून तीं ताडून पाहतात. सर्व मुलांना सारखेच प्रश्न नसतात. परंतु कांहीं प्रश्न सामायिक ठेवल्यानें गुण एकाच पट्टीवर आणतां येतात. येथें कोणी मूल पास वा नापास होत नाहीं. मॅट्रिकनें विद्यार्थ्यास मोजलें, लोच्या नियमानें शिक्षकास मोजलें; ही चांचणी मोजते ती व्यवस्थेस. भेद महत्त्वाचा आहे.

तिचा उपयोग कसा होतो, याचें उदाहरण जर्मनीचें. आपल्या शाळांविषयीं त्या देशास मोठा अभिमान होता. 2001 च्या अखेरीस निकाल आले तेव्हां जर्मन मुलें सरासरीच्या खालीं निघालीं. आणि त्याहून जिव्हारीं लागणारी गोष्ट ही कीं, मुलाचें यश त्याच्या आईबापांच्या स्थितीवर किती अवलंबून आहे, हें उघड झालें. जर्मनीनें आरसा फोडला नाहीं. सर्व प्रांतांसाठीं समान शैक्षणिक मानदंड ठरविले आणि पूर्ण दिवसाच्या शाळा वाढविल्या.

आपल्या देशाची कथा निराळी झाली. तामिळनाडू व हिमाचल प्रदेश हीं दोन राज्यें त्या चांचणींत उतरलीं. 2011 च्या डिसेंबरांत निकाल लागला तेव्हां चौऱ्याहत्तर प्रदेशांच्या यादींत तीं अगदीं तळाशीं, किर्गिझस्तानाच्या शेजारीं होतीं. प्रश्न आपल्या समाजजीवनाशीं जुळणारे नव्हते, असा आक्षेप सरकारनें घेतला व पुढील फेरींत भारत उतरला नाहीं. 2019 सालीं पुन्हा उतरण्याचें ठरलें. परंतु महामारीमुळें 2021 ची फेरी 2022 वर गेली आणि तींतहि भारत नव्हता.

आक्षेप सर्वस्वीं पोकळ नव्हता. ही चांचणी शाळेंत असलेल्या मुलांचीच होते. शिर्डीपासून जवळच प्रवरेकांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमानें 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांच्या हंगामांत आईबापांबरोबर ऊसतोडीस जाणारें मूल चांचणीच्या दिवशीं वर्गांत नसेल, तर त्याचें अज्ञान कोणत्याच आंकड्यांत येणार नाहीं. परंतु मापांत उणीव आहे म्हणून मोजणेंच सोडावें, हा युक्तिवाद मात्र टिकत नाहीं. आपला शेर खोटा असल्याची शंका येते ती दुसऱ्याच्या शेराशीं ताडून पाहिल्यावरच.

या उणिवेवर एक उत्तर महाराष्ट्रांतूनच निघालें, ही समाधानाची गोष्ट आहे. माधव चव्हाण यांच्या पुढाकारानें मुंबईच्या वस्त्यांत ज्या ‘प्रथम’ संस्थेचें कार्य सुरू झालें, तिनें 2005 सालापासून ‘असर’ पाहणी आरंभिली. निवडलेल्या गांवांतील घरोघरीं जाऊन मुलास दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास देतात व साधा भागाकार घालतात. परीक्षा घरीं होत असल्यानें शाळा सोडलेलें मूलहि मोजणींत येतें, आणि कसोटी इतकी साधी कीं निरक्षर आईसहि निकाल समजतो. पुढें हीच रीत पाकिस्तानांत व पूर्व आफ्रिकेंतील केनिया, टांझानिया, युगांडा या देशांत गेली. आपण केवळ परक्यांच्या मापानें मोजले गेलों असें नव्हे. एक माप आपणहि जगास दिलें.

1859 पासूनच्या या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच कीं, समान कसोटी ही दिव्यासारखी आहे. तिच्या उजेडांत अंधारा कोपरा दिसावा, व तेथें अधिक तेल पोंचवावें, हा तिचा धर्म. कोपरा अंधारा म्हणून तेल तोडणें ही 1862 ची चूक, आणि अंधार दिसूं नये म्हणून दिवाच मालवणें ही आपल्या काळची. फुल्यांनीं ज्या मुलाची बाजू मांडली, त्याचें हित या दोन्हींपैकीं एकींतहि नाहीं.