उसाच्या वाटा आणि फाटकाची किल्ली

हवाई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? निळा समुद्र, गळ्यात फुलांच्या माळा आणि हनिमूनला गेलेल्या मित्रांचे फोटो. ऊस काही आठवत नाही. पण ही बेटं 181 वर्षं उसावर जगली. काउआई बेटावर कोलोआ इथे 1835 मध्ये पहिला टिकून राहिलेला मळा सुरू झाला आणि डिसेंबर 2016 मध्ये माउई बेटावरचा पुउनेने इथला शेवटचा कारखाना बंद पडला. या विकांताचा लेख मात्र साखरेवर नाही. तो आहे ऊस शेतातून कारखान्यापर्यंत नेणाऱ्या रस्त्यांवर, आणि ऊस गेल्यावर त्या रस्त्यांचं पुढे काय झालं यावर.

1876 पासून हवाईची साखर अमेरिकेत करमुक्त जाऊ लागली आणि कंपन्यांनी हजारो एकर जमीन उसाखाली आणली. आता कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणालाही विचारा, तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घसरतो. म्हणजे वाहतूक झटपट हवी. सुरुवातीला बैलगाड्या होत्या, मग उतारावरून पाण्याच्या लाकडी पन्हळीतून ऊस सोडू लागले आणि नंतर नॅरोगेज रेल्वे आली. 1 एप्रिल 1946 च्या त्सुनामीने हिलोच्या रेल्वेची इतकी नासधूस केली की ती पुन्हा उभी राहिलीच नाही. पुढच्या काही वर्षांत बाकीच्या मळ्यांतही रुळांची जागा ट्रकनी घेतली.

हे ट्रक म्हणजे राक्षसच! सरकारी रस्त्यावर परवानगी मिळणार नाही इतके रुंद. म्हणून कंपन्यांनी आपापल्या शेतांतून स्वतःचे रस्ते काढले. अशी एकाच बेटावर दोन जाळी तयार झाली. एक किनाऱ्याने जाणारा सरकारी हायवे, आणि दुसरं डोंगरउतारावरच्या कंपनीच्या कच्च्या रस्त्यांचं. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, सगळी सिस्टीम एका सर्व्हरवर चालू आणि शेजारी दुसरा सर्व्हर तयार उभा, पण त्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे.

मग एकेक कारखाना बंद होत गेला. लहायना गावचा पायोनियर मिल 1860 चा, तो 1999 मध्ये थांबला. जमिनी रिअल इस्टेटकडे वळल्या आणि रस्त्यांवर फाटकं आली, फाटकांवर कुलपं आली. मालकाची बाजूही समजण्यासारखी आहे. मोकळ्या रस्त्यावर लोक कचरा आणून टाकतात, आणि कोणाचा अपघात झाला तर कोर्टाची नोटीस मालकाला येते.

या जुन्या वाटांचा चांगला उपयोग कुठे झालाच नाही असं नाही. काउआईवर कापाआ गावाचा बायपास अशाच ऊसवाहतुकीच्या रस्त्यावरून काढला आहे. आणि दुसरं उदाहरण मला फार आवडतं. हवाई बेटावर पुना नावाचा भाग आहे (दचकू नका, हे आपलं पुणं नव्हे). 27 जून 2014 ला किलाउएआ ज्वालामुखीतून निघालेला लाव्हा हळूहळू पाहोआ गावाकडे सरकू लागला. तो हायवे 130 ओलांडणार अशी भीती होती, आणि तो रस्ता तुटला की हजारो लोक पलीकडे अडकणार. काउंटीने काय केलं? किनाऱ्याजवळचा जुना कच्चा रस्ता आणि रेलरोड अव्हेन्यू, म्हणजे उसाच्या काळातल्या त्याच हिलोच्या रेल्वेचा मार्ग, बुलडोझर लावून साफ केले आणि पर्यायी रस्ते म्हणून तयार ठेवले. लाव्हा गावाच्या वेशीवर एक घर जाळून थांबला. हायवेपर्यंत तो पोचलाच नाही, पण वाट तयार होती.

आता लहायना. 8 ऑगस्ट 2023. दक्षिणेकडून चक्रीवादळ चाललेलं, वारा तुफान. विजेचे खांब कोसळून रस्ते अडले. दुपारनंतर आग गावात शिरली. लोक गाड्या घेऊन निघाले आणि किनाऱ्याजवळच्या फ्रंट स्ट्रीटवर कोंडीत अडकले. काहींनी जीव वाचवायला समुद्रात उड्या मारल्या. 102 माणसं गेली. जे गाव एकेकाळी हवाईच्या राज्याची राजधानी होतं, ते एका दिवसात राख झालं.

आणि गावाच्या मागे, वरच्या अंगाला, मळ्याच्या जुन्या वाटा होत्या. त्यातल्या काहींवर कुलूपबंद फाटकं होती. आग मागे लागलेली असताना ती उघडण्याची झटापट करावी लागली. फेब्रुवारी 2024 मध्ये माउई पोलिसांचा प्राथमिक अहवाल आला. त्यात पोलिसांच्या गाड्यांमध्ये अडथळे फोडून काढायची साधनं ठेवावीत अशी शिफारस आहे. म्हणजे किल्लीचा प्रश्न हत्याराने सोडवायचा!

फाटकं उघडी असती तर सगळे वाचले असते, असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ऊस गेल्यावर त्या पडीक शेतांत गिनी गवत माजलं होतं. हे गवत एकेकाळी गुरांच्या चाऱ्यासाठी आणलेलं, उन्हाळ्यात वाळून कोळ होतं. आग त्याच गवतावरून पळत आली. त्यातून जाणारी अरुंद कच्ची वाट नुसती उघडी असून भागत नाही. दोन्ही बाजूंचं गवत कापलेलं हवं, गाड्या वळवायला जागा हवी, पाट्या हव्यात आणि किल्ली कोणाकडे आहे हे आधीच ठरलेलं हवं. पुनाच्या लोकांना हे करायला काही महिने मिळाले, कारण लाव्हा सावकाश चालतो. लहायनाला काही तासही मिळाले नाहीत. ज्या बॅकअपचं रिस्टोअर कधी करून पाहिलं नाही तो बॅकअप नसतोच, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवतात. रस्त्यांच्या बाबतीत ते कोण शिकवणार?

आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी आहे. हवाईत वाट कंपनीची होती, कंपनी गेली आणि कुलूप राहिलं. आपली पाणंद सरकारी गाव नकाशावर असते. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने, 16.5 ते 21 फूट रुंद. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, 8.25 फूट. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याने दिलेला आहे. शेत-पाणंद रस्त्यांसाठी 2021 मध्ये मातोश्रींच्या नावाने योजनाही आली. म्हणजे कागदावर आपण हवाईच्या पुढे! जमिनीवर मात्र दर वर्षी एकेक तास नांगरला जातो, बांध सरकतो आणि दुहेरी रेषेतून बैलगाडी सोडाच, सायकलही जात नाही. तिथे फाटक, इथे नांगर. परिणाम तोच.

या सगळ्या योजना शेतमाल बाहेर काढण्यासाठी आहेत, आणि ते योग्यच आहे. पण पूर आला आणि गावाचा मुख्य रस्ता पाण्याखाली गेला, तर हीच पाणंद अँब्युलन्सची वाट होऊ शकते. त्यासाठी नवी जमीन घ्यायला नको. फक्त पावसाळ्यापूर्वी एकदा कोणीतरी त्या वाटेने गाडी घालून, पलीकडे निघता येतं का हे बघायला हवं.

तुमच्या गावच्या नकाशावर अशी दुहेरी तुटक रेषा नक्की असेल. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ती रेषा जमिनीवर शोधून बघा. सापडली तर मलाही कळवा.