कसोटी कोणती आणि कुत्रा कोणता?

जत्रेच्या फडात आपल्या पठ्ठ्याची जोड कोणाशी लावावी, हे वस्ताद ठरवितो. पठ्ठा तयार नसताना मोठ्या इनामाच्या कुस्तीला उभा केला, तर त्या दिवसाची कुस्ती तर जातेच. पण त्याच्या मनात जी धास्ती बसते ती पुढे वर्षानुवर्षे निघत नाही. शिकारी कुत्रा बाळगणाऱ्या माणसापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. आपला कुत्रा कोणत्या कसोटीला उतरवावा आणि कोणत्या कसोटीपासून दूर ठेवावा? हा प्रश्न वरवर हौशी लोकांचा दिसतो खरा. परंतु त्याच्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे काही धागे थेट आपल्या हैदराबादपर्यंत येऊन पोहोचतात.

प्रथम जुना धागा घेऊ. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होती. या ग्रंथात राजाच्या करमणुकीचे जे विनोद वर्णिले आहेत, त्यांत ‘सारमेयविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. निरनिराळ्या प्रदेशांतील कुत्रे, त्यांची लक्षणे आणि त्यांच्याकडून करविलेली शिकार हा त्याचा विषय. कुत्र्याचे मोल त्याच्या कामावरून करावे आणि ते काम सर्वांसमक्ष पाहावे, ही कल्पना दख्खनला इंग्रजांनी शिकविली असे म्हणण्याचे कारण नाही. ज्या भूमीत खंडोबाच्या पायाशी कुत्रा उभा आहे आणि दत्तात्रेयाभोवती चार कुत्रे आहेत, तेथे या प्राण्याकडे डोळसपणे पाहिले गेले नसते तरच नवल.

दुसरा धागा कारवानाचा. गोवळकोंड्याच्या वाटेवर आजही ‘कारवान’ नावाची वस्ती आहे. हिऱ्यांचे आणि कापडाचे व्यापारी, त्यांचे तांडे आणि सावकार यांची ही पूर्वीची जागा. दख्खनमध्ये ज्या सडपातळ, लांब तोंडाच्या आणि खोल छातीच्या कुत्र्याला लोक ‘कारवानी’ म्हणतात, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. पश्चिम आशियातील ताजी कुत्र्यांशी त्याचे रूप जुळते, आणि अशा तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज इकडे आले असावेत असे मानतात. लातूर भागात हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. तो भागही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. पलीकडे मुधोळ संस्थानात राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची निगुतीने जोपासना केली, म्हणून तिकडे तो मुधोळ या नावाने प्रसिद्धीस आला. या कुत्र्याची शिकार नजरेची. ससा दिसला की तो सुटणार, वाऱ्यासारखा धावणार आणि स्वतःच्या बुद्धीने वळणे घेऊन त्याला गाठणार. त्या क्षणी धन्याची हाक त्याच्या कानावर पडेल अशी अपेक्षाच करू नये.

तिसरा धागा सिकंदराबादेचा. 1798 च्या तहानंतर निजामाच्या राज्यात कंपनीची फौज कायमची राहिली आणि 1806 मध्ये तिसरा निजाम सिकंदरजाह याच्या नावाने या छावणीचे गाव वसले. हैदराबादभोवती तळ्यांची आणि भातखाचरांची काय वाण? हिवाळ्यात उत्तरेकडून बदके व पाणलावे उतरत आणि सुट्टीच्या दिवशी गोरे अंमलदार बंदुका घेऊन चिखल तुडवीत. येथे कारवानी कुत्र्याचा उपयोग नव्हता. गोळी लागलेला पक्षी भातात किंवा लव्हाळ्यात पडे, आणि तो हुडकून, दाताचा व्रण उमटू न देता, धन्याच्या हातात आणून देणारा कुत्रा हवा असे. असे काम करणारा कुत्रा तो रिट्रीव्हर.

रिट्रीव्हर हे बंदुकीचे अपत्य आहे. तोंडाने ठासावयाच्या बंदुकीच्या काळात शिकारी सावकाश चाले. पक्षी कोठे दडला आहे हे दाखविणारे पॉइंटर आणि सेटर कुत्रे त्याला पुरत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मागून काडतूस भरण्याची बंदूक आली. बार भराभर उडू लागले, पक्षी दूरदूर आणि अनेक पडू लागले, आणि ते गोळा करणाऱ्या कुत्र्याला महत्त्व आले. न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांचे पाण्यात पटाईत कुत्रे इंग्लंड-स्कॉटलंडमधील उमरावांनी आणून वाढविले. त्यांपासून लॅब्रॅडॉर निपजला. 1903 मध्ये लंडनच्या केनेल क्लबाने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. कसोट्यांचा इतिहासही याच क्रमाने जातो. इंग्लंडमधील पहिली मैदानी कसोटी 1865 मध्ये साउथहिल येथे झाली, ती पॉइंटर आणि सेटर यांची. रिट्रीव्हरच्या कसोट्यांनी जोर धरला तो विसाव्या शतकाच्या तोंडावर.

या कसोटीत परीक्षक काय पाहतात? पक्षी पडताना कुत्रा स्वस्थ बसतो काय. आज्ञेवाचून धावत सुटत नाही ना. केकाटत नाही ना. पाण्यात शिरण्यास कचरत नाही ना. आणि आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या शाबूत आहेत ना. यांपैकी एकही मोठा दोष आढळला की कुत्रा बाद. एखाद्याला पक्षी सापडला नाही आणि मागून पाठविलेल्या दुसऱ्याने तो आणला, तर पहिल्याची बाजू बहुधा तेथेच संपते. म्हणजे येथे वेगाइतकेच संयमाला मोल आहे. कारवानी कुत्र्याचा जो प्राणगुण, हाकेची वाट न पाहता झेपावणे, तोच येथे सर्वांत मोठा अपराध ठरतो!

यावरून निवडीचे पहिले सूत्र निघते: कसोटी पाहण्यापूर्वी कुत्र्याचे कुळ पाहावे. दुसरे सूत्र वयाचे आणि तयारीचे. नवशिक्यांच्या आणि सर्वांना खुल्या अशा कसोट्या वेगळ्या ठेवल्या आहेत त्या उगीच नव्हेत. कच्च्या कुत्र्याला चारी बाजूंनी पक्षी कोसळत असतील अशा ठिकाणी बसविले, तर तो उतावीळ होऊन केकाटू लागतो, आणि एकदा जडलेली ही खोड सहसा सुटत नाही. तिसरे सूत्र भूमीचे. हाकारे घालून पक्षी उठविण्याची कसोटी निराळी, बंदुकवाल्यांच्या ओळीबरोबर चालत राहण्याची निराळी आणि पाण्यातील निराळी. ज्याने तळे पाहिले नाही त्याला पाण्याच्या कसोटीस नेणे म्हणजे त्याची फजिती स्वतःच्या हाताने करणे होय. आपल्याकडे तर उन्हाचाही विचार हवा. तापलेल्या कोरड्या जमिनीवर वास टिकत नाही, आणि थंड हवेचा कुत्रा लवकर धापा टाकू लागतो. इंग्लंडच्या ओल्या शेतात दुपारी जे साधते ते दख्खनच्या माळावर सकाळी आठनंतर साधेलच असे नाही.

परंतु इतिहासाने यापुढचे पाऊलही टाकले आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीला आळा घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. ते योग्यच झाले. जिवंत पक्ष्यांवरील कसोटी येथे आता होणे नाही. हौशी माणसाला कापडी ठोकळ्यांवरच कुत्र्याचे कसब आजमावावे लागते. मग रिट्रीव्हरचे काम संपले काय? मुळीच नाही. हैदराबादजवळ मोइनाबाद येथे पोलीसदलाचे कुत्रे शिकविले जातात आणि त्यांत लॅब्रॅडॉर असतात. पक्ष्याचा माग काढणारे नाक आता सुरुंग आणि मादक द्रव्ये हुडकते. अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात या कुत्र्यांच्या स्पर्धाही होतात, आणि तेथेही पथकाला हाच निर्णय करावा लागतो: हा कुत्रा माग काढण्यास उतरवावा की स्फोटके शोधण्यास?

कारवानी कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण थोडे चुकलो, असे मला वाटते. 2005 मध्ये मुधोळ कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले, सैन्यानेही त्याला शिक्षण देऊन पाहिले, हे भूषणावह आहे. पण त्याच्या धावेला, नजरेला आणि स्वतंत्र बुद्धीला शोभेल अशी, कोणाचा जीव न घेणारी कसोटी आपण अद्याप नीट उभी केलेली नाही. ज्या गुणाची परीक्षाच होत नाही तो गुण जोपासणाऱ्याच्या नजरेतून हळूहळू उतरतो, आणि दोनचार पिढ्यांत जातीतूनही जातो. मग उरते ते केवळ रूप. कोणत्या कसोटीला उतरावे या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे. पदक एका कुत्र्याला मिळते. पण आपण ज्या कसोट्या निवडतो त्या साऱ्या जातीचे भवितव्य ठरवितात.

वस्ताद जोड ठरविताना पठ्ठ्याच्या डोळ्यांत पाहतो, इनामाच्या रकमेकडे नंतर. कुत्र्याच्या धन्याने त्याच्यापासून एवढे शिकले तरी पुष्कळ झाले.