तांब्याची केबल, संगणक-जालांतील

विद्युत् संकेतांच्या रूपाने माहिती वाहून नेणारे तांब्याच्या तारांचे माध्यम. उच्च विद्युत् संवाहकता, तन्यता व जोडणीची सुलभता यांमुळे ते संदेशवहनात दीर्घकाळ प्रमुख राहिले. परस्परांभोवती पिळलेल्या दोन तारांवर बाह्य क्षोभाचा परिणाम जवळजवळ सारखा होतो. ग्राही टोकाला दोहोंतील फरक घेतल्याने तो निघून जातो. या रचनेचे एकस्व अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८१ मध्ये मिळाले.

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. पुढे ठाणे शहराची दूरध्वनी सेवा महानगर टेलिफोन निगमाकडे (स्थापना १९८६), तर कल्याण-डोंबिवलीची भारत संचार निगमाकडे (स्थापना २०००) आली. २००५ मध्ये दोन्ही निगमांनी दूरध्वनीच्याच तारांवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली. टेंभी नाक्यासारख्या जुन्या व दाट वस्तीत घरोघर नवी केबल न टाकता ही सेवा देणे त्यामुळे शक्य झाले. मात्र कंप्रता व लांबी वाढली की तारेतील संकेताचे क्षीणन वाढते. त्यामुळे केंद्राजवळ सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत वेग देणारी पद्धती काही किमी. अंतरावर त्याचा अल्प अंशच देऊ शके. प्रकाशीय तंतूत हे क्षीणन फारच कमी असल्याने लांब पल्ल्याचे कार्य त्याच्याकडे गेले.

इमारतीतील संगणक-जालांतही हीच मर्यादा दिसते. पिळलेल्या तारांचा सेकंदाला १० मेगाबिट वेगाचा मानक १९९० मध्ये, १०० मेगाबिटचा १९९५ मध्ये, १ गिगाबिटचा १९९९ मध्ये व १० गिगाबिटचा २००६ मध्ये निघाला. या सर्वांचा पल्ला १०० मी. होता. २०१६ मधील ४० गिगाबिटच्या मानकात तो ३० मी. इतकाच राहिला.

तथापि आखूड अंतरावर तांबे टिकून आहे. माहिती केंद्रांतील एकाच मांडणीतील संगणक जोडताना संकेताचे प्रकाशात रूपांतर करावे लागत नाही. त्यामुळे वीज व खर्च वाचतो. अमेरिकेतील एनव्हिडिया कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ७२ प्रक्रियकांच्या मांडणीत अंतर्गत जोडणीसाठी तांब्याच्या पाच हजारांहून अधिक केबली आहेत.

तांब्याची तार संकेताबरोबर विद्युत् शक्तीही नेते. केंद्रातील घटमालेवर चालणारा दूरध्वनी घरातील वीज गेली तरी चालू राही. प्रकाशीय तंतूच्या जोडणीत घरातील उपकरणास स्थानिक वीज लागते. म्हणून जुन्या तारा काढून टाकताना घटमालेची पर्यायी सोय न केल्यास आपत्तीच्या वेळी संपर्क तुटण्याचा धोका असतो. उलट इमारतींच्या आत, २०१८ च्या मानकानुसार, एकाच केबलीतून संकेत व सु. ९० वॉटपर्यंत शक्ती पुरविता येते. रस्त्याखालील तांब्याचा उपयोग घटत असला, तरी भिंतीच्या आतील तांब्याचे स्थान त्यामुळे कायम आहे.