सोशल मीडियावरची भीती आणि राग कसा मोजतात?

साथीच्या काळात लोक घाबरलेत, चिडलेत की धीर धरून आहेत, हे त्यांच्या पोस्टवरून संगणकाने ओळखण्याला भावना-विश्लेषण म्हणतात. सगळ्यात सोपी रीत शब्दसूचीची. प्रत्येक शब्दाला आधीच गुण दिलेले असतात. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाच्या 'हेडोनोमीटर'मध्ये असे सुमारे १०,००० शब्द आहेत. १ म्हणजे अगदी दुःखी, ९ म्हणजे अगदी आनंदी. ट्विटमधले शब्द मोजून दिवसाची सरासरी काढली जात असे. मार्च २०२० मध्ये ही रेषा झपकन खाली आली होती.

दुसऱ्या रीतीत माणसे आधी हजारो पोस्ट वाचून भाव ठरवतात आणि यंत्र त्यावरून शिकते. मराठीसाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० ट्विटचा असा संच तयार केला.

आता गंमत बघा. 'अब्बांची टेस्ट पॉझिटिव्ह आली' हे वाक्य साध्या सूचीला खुशखबर वाटू शकते. कोणी 'इन्ना लिल्लाहि' लिहिले की मय्यतीची खबर आहे, हे आपल्या घरातले लहान मूलही ओळखते. सूचीत तो शब्दच नसेल तर यंत्र ते सोडून देते. रोमन लिपीतली उर्दू-मराठी खिचडी तर आणखी अवघड. आणि व्हॉट्सअ‍ॅप? तिथले खासगी मेसेज बाहेरून वाचता येत नाहीत, म्हणजे मोहल्ल्याच्या ग्रुपवरची घबराट या आलेखात येतच नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे राग दिसतो, पण तो कुणावर आहे हे कळत नाही. मार्च २०२० च्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि 'कोरोना जिहाद' हा हॅशटॅग पसरला. 'इक्वॅलिटी लॅब्स' या संस्थेने 'टाइम' नियतकालिकाला दिलेल्या आकड्यांनुसार २८ मार्चपासून आठवड्याभरातच तो जवळपास ३ लाख वेळा आला. (एकच मजकूर शंभर खात्यांवरून टाकला तर शंभर पोस्ट मोजल्या जातात, त्यामागे माणसे किती, ते नाही.) दिवसाच्या सरासरीत हे सगळे मिसळून जाते. शब्द, तारीख आणि निशाणा वेगवेगळे काढले, तरच आजाराची भीती एका समाजावरच्या रागात कशी बदलली ते दिसते.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या २९ परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याची शक्यताही नोंदवली. तोवर त्या हॅशटॅगला जवळजवळ पाच महिने झाले होते.